जुन्या नांवाचें नवें घड्याळ

गांधीबागेंतील कापडबाजारांत ज्यांचें नित्य जाणें-येणें आहे त्यांनीं एक गोष्ट पाहिली असेल कीं, तेथें दुकानाचा मालक बदलला म्हणून पाटी बदलतेच असें नाहीं. पेढी विकली जाते, गादीवर नवा माणूस येऊन बसतो, हिशेबाच्या वह्या नव्या होतात (आतां तर वह्याच गेल्या आणि संगणक आले), परंतु दारावरचें नांव तेंच राहतें. गिऱ्हाईक नांवाकडे पाहून पायरी चढतें. नव्या मालकास ह्या नांवाचे वेगळे पैसे मोजावे लागतात व तो ते खुशीनें मोजतो; कारण फळ्या, गाद्या आणि माल दुसरीकडेही मिळतात, पन्नास वर्षांची ओळख मात्र मिळत नाहीं. आम्ही गेलीं पंचवीस वर्षें ह्या बाजारालगतच्या गल्लींत राहत आहों, त्यामुळें नांवाच्या खरेदी-विक्रीचा हा व्यवहार आमच्या डोळ्यांखालून पुष्कळदां गेला आहे. त्याचा बारकाईनें विचार करण्याची पाळी मात्र आमच्या भाच्यामुळें आली.

हा भाचा वस्तूंचे आकार योजण्याची विद्या शिकला आहे. तिला सध्यां डिझाइन म्हणतात, आणि प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं. सहा वर्षें त्यानें बंगलोरास घड्याळांच्या केसी व तबकड्या आंखण्याचें काम केलें. पुढें त्याला स्वित्झर्लंडहून बोलावणें आलें. चाळीस वर्षांपूर्वीं बंद पडलेल्या एका घड्याळ-कंपनीचें नांव कोणीं विकत घेतलें होतें, आणि त्या नांवाला शोभतील अशीं नवीं घड्याळें आंखण्यासाठीं तीन-चार तरुण माणसें हवीं होतीं. त्याची आई म्हणजे आमची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती नागपुरांत एकटी असते आणि तिला हा एकच मुलगा. ती आम्हांस म्हणाली, "तूं इतकीं पुस्तकें वाचतोस, तर मला एवढें सांग. जी कंपनी मेली तिच्यासाठीं माझा पोरगा साता समुद्रांपलीकडे जाणार, आणि तिथें करणार काय? मेलेल्याला रंग लावणार?"

ताईचा प्रश्न रागाचा असला तरी अडाणीपणाचा नव्हता. पोटापाण्यासाठीं परदेशीं जाणें आतां आपल्या मध्यमवर्गाच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तेथें जाऊन जें करावयाचें तें करण्याजोगें आहे कीं नाहीं, हें विचारण्याची चालच राहिली नाहीं. पगार किती आणि नागरिकत्व केव्हां, हे दोन प्रश्न विचारले कीं चौकशी संपते. ताईनें तिसरा विचारला. त्याला तोंडाला येईल तें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

भाच्याच्या कंपनीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु ह्याच जातीची एक हकीकत आपल्या मुंबईशीं जडलेली आहे, आणि ती वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरच्या पेटींत निपचित पडलेली असेल. फाव्र-लेबा हें तें नांव. आमच्या वडिलांच्या पिढीनें ह्या फ्रेंच जोडनांवाचें सरळ 'फेवरलूबा' करून टाकलें होतें. १७३७ सालीं ल लोक्ल नांवाच्या डोंगरी गांवीं आब्राम फाव्र ह्या घड्याळजीची नोंद सांपडते, आणि तेथूनच ही कंपनी आपला जन्म मोजते. पुढें एकोणिसाव्या शतकांत लेबा घराण्याशीं भागी झाली. १८६५ सालीं कंपनीनें हिंदुस्थानांत पाऊल टाकलें आणि मुंबईस बस्तान बसविलें. वेस्ट एन्ड वॉच कंपनीचें 'सवार' घड्याळ जसें फौजेंतल्या शिपायाच्या मनगटावर गेलें, तसें फेवरलूबा वकील, मास्तर, हेडक्लार्क ह्यांच्या मनगटावर आलें. लग्नांत जांवयाला द्यावयाच्या वस्तूंत सायकल, अंगठी आणि घड्याळ अशी त्रयी होती, तींत घड्याळ ह्या नांवाचें असलें म्हणजे वरपक्षाचें तोंड बंद होई.

आमच्या वडिलांसही असेंच एक १९६६ सालीं आमच्या आजोबांनीं दिलें. 'सी किंग' ह्या जातीचें, दोन कमानींचें. फाव्र-लेबानें त्या दशकांत हातानें चावी द्यावयाच्या पातळ घड्याळांत एका कमानीऐवजीं दोन लहान कमानी बसविण्याची युक्ति काढली होती. जोर विभागला गेल्यामुळें घड्याळ अधिक वेळ चाले आणि चावी संपत आली तरी चालींत फारसा फरक पडत नसे. वडिलांस हें कांहीं ठाऊक नव्हतें. रात्रीं जेवणानंतर चावी द्यावयाची आणि दर रविवारीं पट्टा पुसावयाचा, एवढाच त्यांचा त्या यंत्राशीं संबंध होता. पण तो त्यांनीं पन्नास वर्षें पाळला.

आतां ज्या घराण्याच्या आठ पिढ्यांनीं ही कंपनी चालविली, तिच्या हातून ती गेली कशी? १९६९ च्या २५ डिसेंबरला जपानांत सेको कंपनीनें स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. पुढल्या पंधरा-सोळा वर्षांत स्विस घड्याळांच्या धंद्यांतील सुमारें नव्वद हजार कामगारांपैकीं जेमतेम तीस हजार उरले. फाव्र-लेबाही ह्या वावटळींत सांपडली आणि १९८० नंतरच्या दशकांत ती मूळ घराण्याकडे राहिली नाहीं. इकडे आपल्या देशांत परदेशी घड्याळांच्या आयातीवर पूर्वींच निर्बंध आले होते. १९६१ पासून बंगलोरास जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें सरकारी 'एच. एम. टी.' घड्याळें निघूं लागलीं, तीं घरोघर पोंचलीं, आणि २०१६ सालीं सरकारनें तोही कारखाना बंद करण्याचें ठरविलें. एच. एम. टी. च्या पिढीला हाताशीं असलेल्या वस्तूचा लोभ होता, फेवरलूबाच्या पिढीला दुरून आलेल्या वस्तूचा. एवढाच काय तो फरक.

यापुढील भाग मौजेचा आहे. १९८४ सालीं टाटा आणि तामिळनाडूचें औद्योगिक महामंडळ ह्यांनीं मिळून उभारलेल्या टायटन कंपनीनें २०११ सालीं फाव्र-लेबा हें नांव सुमारें वीस लाख युरोंस विकत घेतलें. मुंबईस माल विकावयाला आलेल्याचें नांव शेवटीं मुंबईच्याच एका घराण्याच्या उद्योगांत येऊन पडलें! आम्हांस ह्यांत देशाभिमानाचा गुदगुल्या करणारा आनंद झाला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. परंतु प्रश्न असा पडतो कीं, ज्या कंपनीनें २००२ सालीं साडेतीन मिलिमीटर जाडीचें घड्याळ स्वतःच्या अकलेनें करून दाखविलें, तिला दुसऱ्याच्या नांवाची गरज कां भासावी? उत्तर तबकडीच्या तळाशीं बारीक अक्षरांत असतें. तेथें 'स्विस मेड' हे दोन शब्द नसले तर महाग घड्याळाचा जागतिक बाजार तुम्हांस दारांत उभा करीत नाहीं. हे शब्द लिहिण्यालाही कायदा आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमध्यें घडावा लागतो, यंत्र स्विस असावें लागतें आणि जोडणी व अखेरची तपासणीही तेथेंच व्हावी लागते. म्हणजे नागपूरच्या पोरानें रेघ ओढली तर चालते. घड्याळ मात्र तेथल्या बाकावरच जुळलें पाहिजे.

टायटनच्या हाताखालीं २०१६ पासून फाव्र-लेबाचीं नवीं घड्याळें आलीं. येथें पुनरुज्जीवनाच्या कामांतली खरी अडचण उघडी पडते, आणि ती पैशाची नाहीं, निवडीची आहे. मेलेल्या कंपनीला एक भूतकाळ नसतो, अनेक असतात; त्यांतला कोणता जिवंत करावयाचा? फाव्र-लेबानें १९६२ सालीं 'बिव्हुआक' नांवाचें घड्याळ काढलें होतें. त्यांत हवा काढून घेतलेली एक पातळ धातूची डबी असे. डोंगर चढावा तसा हवेचा दाब कमी होई, डबी फुगे आणि तिच्यावर टेकलेला कांटा उंची दाखवी. १९६८ सालीं 'बॅथी' निघालें. त्याच्या पाठीवरचा पातळ पडदा पाण्याच्या दाबानें आंत दबे आणि पाणबुड्याला खोली कळे. युरोपांतल्या शौकिनांस फाव्र-लेबा म्हटलें कीं हीं दोन घड्याळें आठवतात. म्हणून नव्या मालकांनीं हाच भूतकाळ उचलला. २०१७ सालीं नऊ हजार मीटर उंची दाखविणारें नवें 'बिव्हुआक' निघालें. म्हणजे एव्हरेस्टहूनही वर! यंत्रकौशल्य म्हणून तें अजोड होतें यांत शंका नाहीं. आकारानें मात्र तें इतकें भरदार होतें कीं, आमच्या वडिलांच्या मनगटावर तें घड्याळ न दिसतां कढईच्या झांकणासारखें दिसलें असतें.

आणि येथें आमचा आक्षेप आहे. ज्या देशांत ह्या नांवाची आठवण सर्वांत जास्त घरांत शिल्लक होती, तेथली आठवण गिर्यारोहकाची नव्हती. ती होती शाळेच्या घंटेची, कचेरीच्या हजेरीपटाची, सुनेच्या बाळंतपणांत दवाखान्याच्या ओसरीवर पुनःपुन्हां पाहिलेल्या तबकडीची. सातपुड्यापलीकडे न गेलेल्या माणसांनीं तें घड्याळ वापरलें. त्या भूतकाळाला कोणीं हात लावला नाहीं, कारण तो सामान्य होता. दोन-चार वर्षांतच हा उद्योग आंवरता घेण्यांत आला. त्याचें कारण आमचा हा आक्षेप होय असा दावा आम्ही करीत नाहीं; धंद्याचीं कारणें धंदेवाल्यांस ठाऊक. पुढें २०२३ सालीं चंडीगडच्या एथॉस कंपनीकडे तें नांव गेलें. एथॉसची जननी असलेल्या कंपनीच्या परवाणू येथल्या कारखान्यांत घड्याळांच्या तबकड्या तयार होतात, त्यामुळें नांव निदान तबकडी ओळखणाऱ्याच्या हातीं पडलें. २०२४ च्या ऑगस्टांत जिनीव्हास त्याचा पुन्हा एकदां जाहीर प्रवेश झाला. ह्या खेपेस 'चीफ', 'सी स्काय', 'डीप ब्लू' हीं जुनीं नांवें परत आलीं आहेत, आणि आकारही बराच माणसांत आला आहे.

ही सर्व हकीकत भाच्यापुढें मांडली तेव्हां तो हंसला. म्हणाला, "मामा, तुम्ही मालकांच्या बाजूनें बघतां. आंखणाऱ्याच्या बाजूनें बघा." मग त्यानें आजोबांचें घड्याळ मागून घेतलें आणि आम्हांस एक तासभर धडा दिला. तो धडा आम्हांस अजून आठवतो. जुन्या घड्याळाचा व्यास तेहतीस-चौतीस मिलिमीटर. आज तेवढें घड्याळ पुरुष घेत नाहींत, म्हणून अडतीस-चाळीसपर्यंत वाढवावें लागतें. वाढविणें म्हणजे छायाचित्र मोठें करणें नव्हे. यंत्र तेवढेंच राहतें, म्हणून तारखेची खिडकी कडेपासून आंत सरकते आणि तबकडीच्या पोटांत भोक पडल्यासारखी दिसते. कांटे लांब करावे तर ते काडीसारखे बारीक दिसतात. जाड करावे तर जुन्या घड्याळाचा नाजुकपणा जातो. अंकांच्या जागीं ज्या धातूच्या काड्या असतात त्यांची लांबी आणि त्यांच्यामधली मोकळी जागा ह्यांचें जुनें प्रमाण एका ठिकाणीं मोडलें कीं सगळीकडे मोडतें. "जसेंच्या तसें काढलें तर नक्कल होते," तो म्हणाला, "आणि सगळें बदललें तर नुसती पाटी राहते. मधलें काय तें शोधायला मला पगार मिळणार आहे."

हें ऐकतांना आम्हांस आमच्या धंद्यांतला दाखला सुचला. शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तीनशें वर्षांत नकलाकारांनीं घातलेली भर काढून टाकणें, मूळ शब्द कोणता तें ओळखणें, आणि आपल्या अंगीं ओवी रचण्याचें सामर्थ्य असूनही स्वतःची ओवी आंत न घालणें, हें त्या कामाचें स्वरूप होतें. कोठें ज्ञानेश्वरी आणि कोठें घड्याळ, असें कोणी म्हणेल, म्हणोत बापडे. जुन्या वस्तूला हात लावणाऱ्याला जी विनयाची शिस्त लागते ती लहान-मोठ्या कामांत एकच असते. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द आहे तो देवळापुरताच कां ठेवावा?

मात्र जीर्णोद्धाराला गांव लागतें. सॅक्सनींतल्या ग्लासह्यूटे ह्या खेड्याची गोष्ट पाहा. तेथें फर्डिनांड आडोल्फ लांगे ह्यानें १८४५ च्या ७ डिसेंबरला गरीब खाणवाल्यांच्या पोरांस हाताशीं धरून घड्याळाचा कारखाना काढला. महायुद्धाच्या अगदीं शेवटच्या दिवशीं त्यावर बाँब पडले, आणि १९४८ सालीं पूर्व जर्मनींतल्या सत्ताधाऱ्यांनीं तो जप्त केला. त्याचा पणतू वाल्टर लांगे पश्चिमेकडे निघून गेला. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९० सालीं त्याच ७ डिसेंबरच्या तारखेस, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं त्यानें आपल्या पणजोबांची कंपनी पुन्हा नोंदविली आणि १९९४ सालीं पहिलीं चार घड्याळें लोकांपुढें ठेवलीं. त्यांतल्या तारखेच्या दोन मोठ्या खिडक्या ड्रेस्डेनच्या नाटकगृहांतील जुन्या घड्याळावरून घेतलेल्या आहेत, आणि तें घड्याळ करणाऱ्याकडेच मूळ लांगे उमेदवारी करीत होता. ही कथा खरी वाटते ती घराण्याच्या रक्तामुळें नव्हे. मधल्या चाळीस वर्षांत सरकारी कारखान्यांत कां होईना, त्या खोऱ्यांतलीं माणसें घड्याळेंच करीत राहिलीं होतीं. नांव गेलें होतें, हात राहिले होते.

आपल्याकडे फेवरलूबाचे हात कोठें राहिले, तें शोधावयास आम्हांस लांब जावें लागलें नाहीं. गांधीबाग उद्यानापासून थोड्या अंतरावर, फुटपाथवर, कांचेची एक पेटी पुढें घेऊन एक वृद्ध घड्याळजी बसतात. डोळ्याला भिंग, पेटींत सुटे कांटे, चाव्या, पट्टे, आणि पायाशीं एक पत्र्याचा डबा. वडील गेल्यापासून बंद पडलेलें घड्याळ आम्ही आणि भाचा त्यांच्याकडे घेऊन गेलों. पाठीमागचें झांकण उघडून त्यांनीं एक क्षण पाहिलें आणि म्हणाले, "एक कमान तुटली आहे, साहेब. दुसरी चांगली आहे जी." मग डब्यांतून त्याच जातीचें एक मेलेलें यंत्र काढून त्याची कमान ह्यांत बसविली. बालकमान धुतली, तेल दिलें, आणि घड्याळ चालूं लागलें. तबकडीवरचे डाग पाहून आम्हीं ती नवी रंगवून मिळेल का असें विचारलें. त्यांनीं मान हलविली. मुंबईस अशा तबकड्या रंगविणारे पुष्कळ आहेत. लाल, निळ्या, तिरंगीसुद्धां करून देतात आणि परदेशांतले संग्राहक त्यांना कुचेष्टेनें 'मुंबई स्पेशल' म्हणतात. "रंगवूं नका," ते म्हणाले, "डाग वडिलांच्या घामाचा आहे."

भाच्यानें त्यांस सांगितलें कीं ही कंपनी मध्यंतरीं बंद पडली होती आणि आतां पुन्हा सुरू झाली आहे. त्यांनीं भिंग वर केलें. "बंद कधीं पडली? माझ्याकडे महिन्याला दोन-चार येतातच ना जी."

जिनीव्हाच्या जाहिरातींत ह्या घड्याळजीला जागा नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं. पण नांव विकत घेणाऱ्यानें ज्या आठवणीचे पैसे मोजले, ती आठवण मधल्या चाळीस वर्षांत चालती कोणीं ठेवली, ह्याचा हिशेब करावयाचा झाला तर त्यांत ह्या पत्र्याच्या डब्याची रक्कम धरावी लागेल. भाच्याला हें सांगण्याची गरज पडली नाहीं. तो उकिडवा बसून डब्यांतल्या सुट्या तबकड्या एकेक उचलून पाहत होता आणि घड्याळजी त्याला कोणती कोणत्या सालची तें सांगत होते. कोणत्या सालीं काड्यांचा आकार बदलला, कोणत्या सालीं नांवाचीं अक्षरें बारीक झालीं, हें ज्ञान कंपनीच्या दप्तरांत तरी इतक्या क्रमानें लावलेलें असेल कीं काय कोण जाणे. दोन तास गेले. दुरुस्तीचे चारशें रुपये झाले. त्या शिकवणीचे पैसे भाचा देऊं लागला तेव्हां त्यांनीं ते घेतले नाहींत.

ताईला आम्हीं उत्तर दिलें तें थोडक्यांत असें कीं, काम रंग लावण्याचें आहे कीं जीर्णोद्धाराचें, तें कंपनी ठरविणार नाहीं, तुझा मुलगा रेघ ओढतांना कोणाकडे पाहतो त्यावरून ठरेल. आणि तो कोणाकडे पाहतो तें आम्हीं पाहिलें आहे. ती बराच वेळ बोलली नाहीं. एकटेपणाला आमच्या उत्तरांत औषध नव्हतें, आणि तें आहे असा आव आम्हीं आणला नाहीं. शेवटीं तिनें विचारलें, थंडी किती असते तिथें?

तो मार्चांत गेला. जातांना आजोबांचें घड्याळ नमुन्यादाखल बरोबर नेऊं का, असें त्यानें विचारलें. त्याला ताईनें साफ नाहीं म्हटलें. हवीं तेवढीं मापें घे, छायाचित्रें घे, वस्तु घरांतून जाणार नाहीं. त्यानें मापें घेतलीं. आतां तें घड्याळ तिच्या फडताळावर असतें. दिवसाला चार मिनिटें पुढें जातें, म्हणून ती रोज सकाळीं आकाशवाणीच्या बातम्या लागल्या कीं तें मागें करते आणि रात्रीं जेवण झाल्यावर चावी देते.